उतारा कुठून घेतलाय, हे कसं ओळखायचं

परीक्षेत उतारा देऊन ‘हा उतारा कुठून घेतला असावा?’ असं विचारलं की विषयाच्या मागे लागू नकोस, लिहिणारा कुणाशी बोलतोय ते बघ. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, एवढंच सरळ सांगितलं असेल तर पाठ्यपुस्तक किंवा ज्ञानकोश. ‘सीएसएमटीला उतरलात की समोरची महापालिकेची इमारतही बघा’ म्हटलं की पर्यटन मार्गदर्शिका. ‘लोकलचे डबे वाढवायलाच हवेत’ असा आग्रह दिसला तर अग्रलेख. ‘काल’, ‘प्रवक्त्यांनी सांगितलं’ आलं की बातमी. मी क्रियापदं आधी पेन्सिलीने अधोरेखित करते, खरंच खूप उपयोग होतो. पर्यायांत बरेचदा ‘शोधनिबंध’ असतो. नुसते आकडे बघून तो निवडू नकोस; अभ्यासाची पद्धत, निष्कर्ष यांतलं काहीच नसेल तर सरळ खोडून टाक.