आधी ससून डॉक, मग ताडोबा

प्रिय,

वन्यजीव संरक्षणात उतरायचं म्हणून ताडोबाला काम शोधते आहेस, असं लिहिलंस. जरूर जा. पण अगं, मुंबईत राहतेस, तर आधी काही महिने पहाटे ससून डॉक, कुलाब्याचं ते मासळी बंदर, गाठ. मासाही वन्य प्राणीच, हे ताटासमोर कुणाला सुचत नाही. (मलाही नाही. तळलेला बोंबील आला की विषय संपला.)

लिलावात पापलेटचा आकार बघ. २०२३ साली महाराष्ट्रानं त्याला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींची पकडण्यासाठीची किमान लांबी ठरवली: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०. पट्टी सोबत ने, पण लगेच बाहेर काढू नकोस. आधी मासळी विकणाऱ्या मावश्यांशी बोल, बोट चालवणाऱ्या तांडेलांशी बोल. पिल्लंही अडकतील असं बारीक आसाचं (म्हणजे बारीक भोकांचं) जाळं म्हणजे नुसती हाव नव्हे. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार सुटायला हवा, आणि पिल्लंसुद्धा फिशमीलच्या (मासळीच्या भुकटीच्या) कारखान्यात खपतात.

कुठलाही नियम वाचलास की पहिला प्रश्न हा विचार: झळ कोण सोसणार? व्हेल शार्क या अवाढव्य माशाला २००१ मध्ये कायद्याचं सर्वोच्च संरक्षण मिळालं. त्याआधी गुजरातच्या किनाऱ्यावर यकृताच्या तेलासाठी आणि मांसासाठी त्याची सर्रास शिकार व्हायची. कागदानं सगळं भागलं नाही. २००४ पासून रामकथाकार मोरारी बापूंनी त्याला बाळंतपणाला माहेरी आलेली लेक म्हटलं, ते लोकांच्या मनाला भिडलं. शिवाय कापलेल्या जाळ्याची भरपाईही मिळू लागली. आपल्याकडेही २०१८ पासून वन विभागाचा कांदळवन कक्ष जाळं कापून कासव किंवा व्हेल शार्क सोडणाऱ्याला २५ हजारांपर्यंत देतो. पुरावा म्हणून फोटो लागतो, त्यामुळे मच्छीमार स्वतःच मोबाइल काढतात. मला ही योजना आवडते, कारण ती कोळ्याला गुन्हेगार धरून सुरू होत नाही.

पण ती मोठ्या, एकेकट्या सापडणाऱ्या जिवांनाच लागू पडते. पापलेटची पिल्लं ढिगानं येतात आणि वर येईपर्यंत बहुतेक मेलेली असतात. तिथे जाळं पाण्यात पडण्याआधीच आस मोठी हवी, आणि सुरुवातीला जो माल निसटेल त्याचे पैसे कुणी भरायचे, यावर गाडी अडते. काम करायचंच असेल तर इथे कर. वाघाला माणसं पुष्कळ आहेत.

पावसाळी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते. ऑगस्टमध्ये जा. गमबूट घाल, कॅमेरा घरी ठेव, आणि वर्सोव्याच्या मत्स्य शिक्षण संस्थेच्या प्रवेशाचीही चौकशी करून ठेव.

तुझा,
सर