ऑक्टोबरातला फॉर्म

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आईबाबांच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवायची, त्यासाठी पाच लाख बाजूला काढलेत, आणि दरवर्षी दहावीत पहिल्या येणाऱ्याला समारंभात ती द्यावी असं तुझ्या मनात आहे. वाचून फार बरं वाटलं. पण पहिला नंबर आणि समारंभ हे दोन्ही जरा थांबव. आधी तुझ्या बाबांची एक हकीकत ऐक. त्यांनी ती तुला सांगितली असेल असं वाटत नाही.

लालबागच्या रात्रशाळेत ते माझ्या वर्गात होते. गिरणीत बदली कामगार. रोज गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम. दुसरी पाळी मिळाली की शाळा बुडायची. पाळी मिळाली नाही की शाळा व्हायची, पण खानावळीचे पैसे थकायचे. १९८१ च्या ऑक्टोबरात दहावीचे फॉर्म भरायचे होते आणि नेमक्या त्याच महिन्यात त्यांना काम कमी मिळालं. फी फार नव्हती, पण तेवढीही जवळ नव्हती. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, वर्गात यायचेच बंद झाले. आम्ही तिघा शिक्षकांनी फी भरली आणि गावची माणसं मिळून राहायची त्या गावकीच्या खोलीवर जाऊन पावती त्यांच्या हातात दिली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मार्चमध्ये ते परीक्षेला बसले. गिरणीत ते पुन्हा गेले नाहीत. पुढे कचेरीत शिपायाची नोकरी लागली, ती त्या दहावीच्या सर्टिफिकेटवर. तू शिकलीस ती त्या नोकरीवर आणि तुझ्या आईच्या डब्यांवर.

पहिल्या नंबराचं बक्षीस तुझ्या बाबांना कधीच मिळालं नसतं. म्हणून म्हणतो, पहिल्या आलेल्या मुलाचं कौतुक करायला पुष्कळ लोक आहेत. वर्गात यायचा बंद झालेला मुलगा तुझा.

तो आज कुठे अडतो? शिक्षण हक्क कायद्याचं छत्र ६ ते १४ वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. सरकारकडून मोफत मिळणारी पाठ्यपुस्तकंही तिथवरच. महापालिकेच्या बऱ्याच शाळा आठवीलाच संपतात. नववीला नवी शाळा, विकतची पुस्तकं, बस किंवा लोकलचा पास. आणि घरात कुणीतरी म्हणायला लागतं, आता चार पैसे आण. रात्रशाळेत येणाऱ्यांचं तर विचारूच नकोस. दिवसभर कुरिअर, हॉटेल, दुकान, आणि संध्याकाळी बाकावर. तेव्हा पैसे नववी-दहावीला दे आणि एकाच मुलाला सलग दोन वर्षं दे. दरवर्षी नवा चेहरा शोधलास तर मागच्या वर्षीचा मुलगा मध्येच सुटतो.

आता हिशेब. पाच लाखांवर साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला ३२,५०० रुपये होतात. सगळे वाटू नकोस. साडेसात हजार मुदलात परत घाल, नाहीतर महागाईत दहा वर्षांनी तीच रक्कम आजच्याइतक्या कामाची उरणार नाही. राहिले २५,०००. साडेबारा हजार नववीच्या एका मुलाला, साडेबारा हजार दहावीच्या. तेही दोन हप्त्यांत: शाळा उघडताना जूनमध्ये पहिला, पुस्तकं, पास आणि पावसाळी चपलांसाठी; दुसरा ऑक्टोबरात, फॉर्मच्या वेळी. जानेवारीच्या स्नेहसंमेलनात दिलेला पैसा फोटोपुरता चांगला. अडचण तोवर त्या मुलाला घेऊन गेलेली असते.

स्वतंत्र ट्रस्ट काढू नकोस. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षीचे हिशेब आणि ऑडिट, विश्वस्त बदलला की बदल अर्ज. पाच लाखांसाठी हा व्याप तुला झेपणार नाही. जुन्या, नोंदणी झालेल्या शिक्षणसंस्थेकडे कायम निधी म्हणून ठेव. पण लेखी ठेव. माझ्या आईच्या नावाने मी एका संस्थेला रक्कम दिली होती, सगळं तोंडी, भल्या माणसांच्या भरवशावर. ती माणसं निवृत्त झाली आणि रक्कम इमारतीच्या डागडुजीत गेली. कागदच नव्हता, भांडणार कशावर? ती हळहळ अजून जात नाही. मुदलाला हात लावायचा नाही, व्याज कशासाठी, निवड कोण करणार, शाळा बंद पडली तर निधी कुठे जाणार, हे चार मुद्दे पत्रात हवेतच. निवड वर्गशिक्षकांवर सोड. कोण यायचा बंद झालाय, हे त्यांना सगळ्यांत आधी कळतं.

पाच लाख ही रक्कम लहान आहे असं तू लिहिलंस, ते मला टोचलं. या शहरात आईच्या नावाने शिक्षणाला देण्याची रीत जुनी आहे. प्रेमचंद रायचंदांनी विद्यापीठाला पैसे दिले आणि १८७८ मध्ये पुऱ्या झालेल्या मनोऱ्याला त्यांच्या आईचं, राजाबाईंचं नाव लागलं. विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख देऊ केले आणि नाथीबाईंचं नाव आजही मुलींच्या पदव्यांवर असतं. ते धनवान होते. पण आईचं नाव मुलांच्या शिकण्याशी जोडावं ही ओढ तुझीही तीच आहे, ती रकमेने कमी होत नाही.

नावाचं म्हणशील तर आईचं नाव आधी लिही, पूर्ण लिही. बाबांच्या नावामागे नुसतं 'सौ.' नको. चौथी शिकलेली बाई तुझ्या प्रगतिपुस्तकावर सही करायच्या आधी प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचायची, हे तूच मला सांगितलंयस. आणि अर्जावर 'गरीब व होतकरू' हे शब्द येऊ देऊ नकोस. बाबांना आम्ही पावती खोलीवर नेऊन दिली, वर्गात नाही. दिली असती वर्गात, तर त्यांनी ती घेतली नसती. पैसे सरळ मुलाच्या बँक खात्यात जाऊ देत.

रविवारी दुपारी ये. पत्राचा मसुदा पेन्सिलीने लिहू, मग रात्रशाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना दाखवू. शाळा साडेसहाला भरते, त्याच्या थोडं आधी त्या भेटतात. बाबांचं दहावीचं सर्टिफिकेट असेल तर बरोबर आण. मला एकदा बघायचंय.

तुझ्या बाबांचे सर