नाव काढलं की घर रडतं, म्हणून नावच काढायचं नाही?

"वर्ष उलटलं तरी रडू येते मॅडम, मले काही झालं तर नाही ना?" यवतमाळकडच्या एका खेड्यातल्या पंचविशीच्या मुलीचा हा प्रश्न. असं विचारणारे बरेच येतात. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिची मोठीआई, म्हणजे थोरल्या काकांची बायको, कापूस वेचणीच्या दिवसांत वारली होती.

मोठीआईला मूलबाळ नव्हतं, पण ओसरी कधी रिकामी नसायची. दारात कोणीही येवो, तिचा पहिला प्रश्न ठरलेला : "जेवला का रे बाप्पा?" मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या लाइनमनलाही तिने एकदा हात धुवायला लावून पानावर बसवलं होतं.

तेरवी झाली आणि घरात तिचा विषयच बंद झाला. नाव निघालं की मोठेबाबा उठून वावरात चालू लागत. त्यांना त्रास नको म्हणून सगळेच गप्प. फोटो आतल्या खोलीत गेला. पोरगी रात्री एकटीच रडायची आणि तिला वाटायचं, आपणच तेवढे मागे राहिलो.

मी मरणाबद्दल काही विचारलं नाही. विचारलं, मोठीआई पानगे कसे करायच्या? मग ती खुलली. कणीक किती घट्ट, पळसाची पानं कोणत्या धुऱ्यावरची, गोवऱ्यांचा आर किती विझू द्यायचा, सगळं हातवारे करून सांगितलं. सांगता सांगता हसली आणि एकदम चपापली. गेलेल्या माणसाच्या आठवणीने हसू येणं तिला पाप वाटत होतं.

2022पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत लांबलेल्या शोकाची नोंद आहे. पण त्यासाठी निदान सहा महिने उलटूनही दुःखाची धार तशीच राहावी लागते, आणि कामधंदा, नातीगोती ठप्प व्हावी लागतात. ही मुलगी शेतात जात होती, जेवत होती, झोपत होती. तिला आजार नव्हता. तिला आठवण काढायला घरात जागा नव्हती. रडू येईल या धाकाने घर गप्प बसतं तेव्हा प्रत्येक जण एकेकटा पडतो, हे मी फार घरांत पाहिलंय. आणि आपल्याकडे तर अक्षय तृतीयेला पितरांची घागर भरतात, पितृपक्षात पान वाढतात. मग एरवी त्या माणसाचं नाव घ्यायची एवढी चोरी कशाला?

मी सुचवलं : येत्या अक्षय तृतीयेला घागर भराल तेव्हा प्रत्येकाने मोठीआईची एक गोष्ट सांगायची. मोठेबाबांना आग्रह नको. उठून गेले तर जाऊ द्या, पण बोलणं थांबवू नका.

नंतर ती भेटली. तिने लाइनमनची गोष्ट काढली तसे मोठेबाबा उठलेच. दारापर्यंत गेले आणि तिथूनच म्हणाले, "लाइनमन नाही, पोस्टमन होता तो. अन् पाऊस पडत होता." मग परत येऊन बसले, सगळी गोष्ट सांगितली, आणि घर मिळून रडलं. आजही कधी कधी ते वावरात निघून जातात. फोटो मात्र ओसरीवर आलाय.

तुमच्या घरात कोणाचं खाणं-झोप सुटली असेल, जगण्यात अर्थ नाही असं कोणी बोलत असेल, तर वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.