वय १६, गाव नंदुरबार, रंगांचं वेड आहे. कुणाचे फोटो बघून शिकू?

नावं विचारलीस, ती आधी देतो. रघुबीर सिंह बघ. जन्म १९४२, जयपूरचे. गंभीर फोटो म्हणजे कृष्णधवलच असं मानायचा तो काळ, हे मात्र रंगीत फिल्मला चिकटून राहिले. दुसरे आपल्याच खानदेशातले, चाळीसगावचे केकी मूस. टेबलावर बारक्या वस्तू मांडून त्यांनी अख्खे देखावे उभे केले. रंगवेड्याला हे कशाला? उजेड कुठून येतोय ते कळलं नाही तर रंग नुसता सांडतो, म्हणून.

आता खरं दुखणं. तू लिहिलंयस की पथारीवरच्या, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मोकळ्या जागेवरच्या, मिरचीचे फोटो 'लाल चिखल' येतात आणि स्टुडिओवाले काका म्हणतात सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढव. हे वाक्य ऐकून माझे कान किटलेत. काकांना सांग, लाल कमी पडत नाहीये, उतू जातोय. कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीन रंग मोजतो. मिरचीच्या ढिगात हिरवा आणि निळा तळाशी असतात, लाल एकटाच वर. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला एकूण चित्र काळपट वाटतं, ते एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, वाढवतं आणि लाल २५५ ला, म्हणजे मोजपट्टीच्या शेवटच्या आकड्याला, जाऊन थडकतो. मग देठाजवळची सुरकुती, सालीचा उंचसखलपणा, सगळं सपाट. त्यावर सॅच्युरेशन म्हणजे शेवभाजीवर वरून आणखी तिखट.

हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड), तिन्ही रंगांचा वेगवेगळा दिसेल असा लाव. एक्स्पोजर कमी-जास्त करायचं कॉम्पेन्सेशन उणे ०.७ पासून सुरू कर आणि लालचा डोंगर उजव्या भिंतीवरून सुटेपर्यंत खाली ने. पिक्चर प्रोफाइल, म्हणजे कॅमेऱ्याचं रंग रंगवायचं सेटिंग, न्यूट्रल (साधं) ठेव. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, काढलास तरी तो आलेख कॅमेऱ्यातल्या जेपेगवरूनच बनतो, व्हिविड या भडक सेटिंगवर उगाच घाबरवतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार फोटोचा रंग सावरणं, ऑटो अजिबात नको. चौकटभर लाल दिसला की तो निळसर करून 'दुरुस्त' करतो. उन्हात ५२०० केल्विनवर (उजेडाच्या रंगाचं माप) बांधून टाक.

वाळलेल्या सालीवर आभाळाची पांढरट चमक येते, रंग ती खाते. पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढचा चमक कापणारा फिरता फिल्टर, लाव, पण फोटो थेट वरून काढू नकोस. जमिनीशी साधारण ३५ अंशांच्या तिरक्या नजरेनं बघत फिरव. एक-दीड स्टॉप उजेड जाईल (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड), शटर फार सावकाश होऊन फोटो हलणार नाही हे सांभाळ.

मिरची निवडणाऱ्या बायांच्या हनुवटीखाली लाली दिसेल. तो ढिगावरून उसळलेला उजेड आहे, एडिटमध्ये पुसू नकोस, फोटो तिथेच आहे. काढण्याआधी त्यांना विचार मात्र. आणि पथारीवर लेन्स बदलायची नाही, मिरचीची धूळ सेन्सरवर बसते. लेन्सवर बसली तर आधी ब्लोअर, शर्टाचं टोक नाही. नाकाला रुमाल सांगायला नकोच.

हे सगळं लालपुरतं. रावेर-यावलच्या केळीबागेत इतकं खाली गेलास तर हिरवा काळाठिक्कर पडेल. मोबाइल असेल तर बोट दाबून एक्स्पोजर लॉक कर, सूर्याचं चिन्ह खाली ओढ, नंतर एडिटमध्ये फक्त लाल रंगाचा ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणा, थोडा उतरव.

प्रिंटला फाइल एसआरजीबीतच दे, ती रंगांची नेहमीची पद्धत. अ‍ॅडोबी आरजीबी ही जास्त रंगांची पद्धत दिलीस आणि लॅबच्या मशीनला ती कळली नाही तर लाल मरगळलेला येईल, आणि काका पुन्हा म्हणतील, "बघ, सांगितलं होतं ना, सॅच्युरेशन!"