बीएलएमवर प्रबंध लिहिताय? मग सरासरीपासून सावध राहा

अमेरिकेतल्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटमधली (बीएलएम, म्हणजे केंद्र सरकारच्या मालकीच्या जमिनी सांभाळणारं खातं) कार्यसंस्कृती आणि कर्मचाऱ्यांमधली विविधता प्रबंधासाठी अभ्यासायची आहे, आकडे कुठे मिळतील आणि कसे वाचायचे, असं तुम्ही विचारलंय. आकडे मिळतात, ढिगाने मिळतात. पण संपूर्ण खात्याच्या टक्केवारीवर प्रकरण उभं केलंत, तर हाती काही लागणार नाही. नोकरी कोणी सोडली, कुठल्या पदावरून सोडली आणि नेमकी कधी, याच्या मागे लागा.

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण बीएलएमच्याच मुख्यालयाचं आहे. जुलै २०१९ मध्ये वॉशिंग्टनमधलं मुख्यालय कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शनला आणि बाकीची पदं पश्चिमेकडच्या राज्यांत हलवायची घोषणा झाली. कारण वरवर पटण्यासारखं होतं: खात्याची जवळजवळ सगळी जमीन पश्चिमेला, मग साहेब लोक पूर्वेला कशाला? एकूण ३२८ पदं हलवायची होती. त्यांतल्या २८७ जणांनी एकतर निवृत्ती घेतली किंवा दुसरी नोकरी धरली. ४१ जण गेले, आणि खुद्द ग्रँड जंक्शनला गेले फक्त तीन. मुख्यालयातली रिक्त पदं जुलै २०१९ मधल्या १२१ वरून मार्च २०२० पर्यंत ३२६ वर पोहोचली.

आता तुमच्या विषयाशी संबंध बघा. वॉशिंग्टन परिसरातल्या केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण पूर्वापार मोठं आहे. घर तिथे, जोडीदाराची नोकरी तिथे, आईवडील तिथे. त्यांना पश्चिमेच्या एका छोट्या गावात जा म्हटल्यावर काय होणार? अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने, म्हणजे जीएओने, नोव्हेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला. मुख्यालयातल्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांची संख्या निम्म्याहून अधिक घटल्याचं त्यात नोंदवलंय. आदेशात वंशाबद्दल एक शब्दही नव्हता. शिवाय त्या वेळच्या सुमारे १० हजार माणसांच्या खात्यात ही घट सरासरीत सहज विरघळते, म्हणून तर म्हणतो. सप्टेंबर २०२१ मध्ये मुख्यालय वॉशिंग्टनला परत आणायचं ठरलं, पण गेलेली माणसं आणि त्यांच्या डोक्यातला अनुभव असा फर्मानाने परत येत नाही. हा जीएओचा अहवाल सगळ्यांत आधी वाचा.

माझी एक चूक सांगतो, तुम्ही करू नका. मी पहिल्या मसुद्यात मूळ अमेरिकी लोकांचं प्रमाण संपूर्ण गृहविभागाचं (बीएलएम याच विभागाखाली येतं) घेतलं आणि बीएलएमचीही पाठ थोपटली. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला: यातून ब्युरो ऑफ इंडियन अफेअर्स वजा केलंस का? मूळ अमेरिकी जमातींचं काम पाहणाऱ्या, याच विभागातल्या त्या खात्यात मूळ अमेरिकी उमेदवारांना कायद्याने प्राधान्य आहे, १९७४ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलंय. विभागाचा आकडा फुगतो तो मुख्यतः तिथे. अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. (आपल्याकडे ‘गृह’ म्हटलं की पोलीस आठवतात. तिकडचा हा विभाग जमीन, पाणी, उद्यानं सांभाळतो.)

कागदपत्रांपैकी एमडी-७१५ नावाचा वार्षिक अहवाल मिळवा. समान रोजगार संधी आयोगाच्या २००३ च्या निर्देशाने तो खात्यांवर बंधनकारक केला. पहिली पानं सोडा, ती सगळ्यांची सारखीच गुळगुळीत असतात. मागचे तक्ते उघडा, कुठल्या वेतनश्रेणीत कोण किती आणि वर्षभरात कोण किती बाहेर पडले, ते तिथे असतं. भेदभावाच्या तक्रारींची संख्या २००२ च्या ‘नो फिअर’ कायद्याने जाहीर करावी लागते. मात्र तक्रारी कमी म्हणजे सगळं आलबेल, असा अर्थ काढू नका. बीएलएमची अनेक फील्ड ऑफिसं लहान गावांत आहेत. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तोच शेजारी, तोच मुलांच्या शाळेच्या समितीवर. अशा ठिकाणी लोक तक्रार करण्याऐवजी बदली मागतात. २०१७ च्या सर्वेक्षणात गृहविभागातल्या ३५ टक्के कर्मचाऱ्यांनी आदल्या १२ महिन्यांत कुठल्या ना कुठल्या प्रकारचा छळ अनुभवल्याचं सांगितलं होतं. तक्रारींच्या तक्त्यांशेजारी हा आकडा ठेवून पाहा, म्हणजे कळेल.

कर्मचारी दृष्टिकोन सर्वेक्षण, म्हणजे फेव्ज, सगळेच वापरतात. वापरा, पण ते मुळात कायम कर्मचाऱ्यांसाठी आखलेलं आहे, हंगामी लोक त्यात नसतात. उन्हाळ्यात वणवे विझवणाऱ्या तुकड्यांतली कितीतरी मुलंमुली हंगामी. एका तंबूत राहायचं, पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं येईल की नाही ते तुकडीप्रमुखाच्या हातात. संस्कृती जिथे सर्वांत उघडी पडते, तोच भाग सर्वेक्षणाबाहेर.

तुलनेसाठी शेजारची फॉरेस्ट सर्व्हिस घ्या. ती कृषी विभागाखाली येते, पण काम बरंचसं सारखं. कॅलिफोर्नियात लिंगभेदाच्या दाव्यातून १९८१ साली समझोता झाला: स्त्रियांचं प्रमाण ४३ टक्क्यांपर्यंत न्यायचं. भरती वाढली, पण त्याबरोबर ‘आमची बढती हिने खाल्ली’ ही कुरकुरही वाढली. छळाच्या बातम्या पुढे कित्येक वर्षं येत राहिल्या, मार्च २०१८ मध्ये तर खुद्द प्रमुखांनाच गैरवर्तनाच्या आरोपांमुळे राजीनामा द्यावा लागला. संख्या आणि संस्कृती यांचा वेग सारखा नसतो, हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

एक व्यावहारिक अडचण. २० जानेवारी २०२५ च्या आदेशाने केंद्र सरकारातले विविधतेचे कार्यक्रम गुंडाळले गेले आणि सरकारी संस्थळांवरची बरीच पानं काढली गेली. जुने दुवे वेबॅक मशीनमध्ये (संस्थळांच्या जुन्या प्रती जपणारं संग्रहस्थळ) टाकून पाहा, आणि सापडेल ती पीडीएफ त्याच दिवशी उतरवून ठेवा.

मुलाखती घ्यायच्या तर नोकरीत असलेल्यांपेक्षा निवृत्त आणि सोडून गेलेले लोक मोकळेपणाने बोलतात. ‘तुमच्या ऑफिसचं वातावरण कसं होतं?’ असं विचारलंत की ‘चांगलं होतं’ एवढंच ऐकाल. त्याऐवजी विचारा, तुमच्या ऑफिसातून तुमच्या आधी कोण सोडून गेलं, आणि त्या खुर्चीवर नंतर कोण बसलं?