‘एकुलता एक पुत्र’ अन् ‘देवाची लेकरं’, दोन्ही एकदम कसं?

ताई, तुमचा प्रश्न आधी सगळ्यांसाठी परत मांडतो. तुमच्या गावात, यवतमाळ जिल्ह्यात, मैत्रिणीच्या घरी प्रार्थना होती, तिथं पाळकांनी वाचलं की देवानं आपला ‘एकुलता एक पुत्र’ दिला, अन् थोड्या वेळानं तेच म्हणाले की आपण सगळे देवाची लेकरं. तुम्ही विचारता की आपल्या बोलीत एकुलता एक म्हटलं की विषय संपला, दुसरं भावंडच नाही, मग बाकीची लेकरं आली कुठून? दुसरं, पुत्र म्हणजे बापाच्या मागून आलेला, मग येशूला देव काऊन म्हणून राहिले? अन् तिसरं, नाताळच्या पत्रिकेत ‘पुत्र’ ऐवजी ‘पोरगा’ लिहिलं तर चालते का?

पहिल्या प्रश्नापासून. हे वाक्य योहानाच्या शुभवर्तमानातलं, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्राच्या पुस्तकातलं आहे, तिसरा अध्याय, सोळावं वचन. मूळ ग्रीक शब्द ‘मोनोगेनेस’. यातल्या ‘मोनो’बद्दल वाद नाही, तो ‘एकच’. ‘गेनेस’ कुठून आला यावर दोन मतं आहेत, काहींच्या मते तो ‘जन्मणे’ या अर्थाच्या धातूकडून, अन् बऱ्याच अभ्यासकांच्या मते ‘जात, कूळ, प्रकार’ या अर्थाच्या शब्दाकडून, म्हणजे ‘आपल्या जातीचा एकच, त्याच्यासारखा दुसरा नाही’. जुन्या लॅटिन भाषांतरांत नुसता ‘एकमेव’ होता, जेरोम नावाच्या विद्वानानं चौथ्या शतकाच्या शेवटी नवीन भाषांतर केलं तेव्हा येशूपुरता तो ‘एकमेव जन्मलेला’ केला, अन् तिथून पुढं युरोपात तोच अर्थ रुजला.

आता हा शब्द बायबलात आणखी कुठं येतो ते पाहा, कारण शब्दाचा खरा अर्थ वापरातच सापडते. लूकच्या शुभवर्तमानात नाईन गावच्या विधवेचा मेलेला मुलगा एकुलता एक आहे, याईराची बारा वर्षांची पोरगी एकुलती एक आहे. इथं आपला रोजचा अर्थ बरोबर बसते. पण इब्री लोकांस पत्रात, अकराव्या अध्यायात, अब्राहामानं इसहाकाला अर्पण केलं ती गोष्ट येते अन् तिथं इसहाकाला हाच शब्द लावला आहे. आणि इसहाक काही एकटा नव्हता ना! त्याच्या आधी हागार या दासीपासून इश्माएल झालेला होता, तोही अब्राहामाचाच, चांगला मोठा भाऊ. मोजणीनं पोरं दोन, तरी एकुलता एक फक्त इसहाक, कारण देवानं जे वचन दिलं होतं ते त्याच्यावर होतं, ती जागा दुसऱ्या कोणाची नव्हती. माझ्या मते तुमच्या प्रश्नाची किल्ली इथंच आहे. हा शब्द पोरं मोजत नाही, जागा सांगते. ‘त्या जागी दुसरा कोणी नाही’, एवढं त्याचं म्हणणं.

योहान लिहिणारा पण फार जपून लिहितो. ‘पुत्र’ या अर्थाचा ग्रीक शब्द देवाशी जोडून तो फक्त येशूसाठी वापरतो, विश्वास ठेवणाऱ्या लोकांसाठी वेगळा शब्द, ‘मुले, लेकरे’ या अर्थाचा. मराठी बायबलानं तो फरक सांभाळला आहे, पहिल्या अध्यायात ‘देवाची मुले होण्याचा अधिकार’ असं आहे, पुत्र नाही म्हटलं. म्हणजे पाळक जे बोलले ते योहानाच्या हिशोबानं अगदी बरोबर होतं, पुत्र एक, लेकरं पुष्कळ.

बायबलातली बरीच पत्रं लिहिणारा प्रेषित पौल, त्याचं थोडं वेगळं आहे, तो आपल्यालाही पुत्र म्हणते पण सोबत एक शब्द जोडते, दत्तक. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात ‘दत्तकपणाचा आत्मा’ असा शब्दच आहे, ज्याच्या योगे आपण ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो, अन् पुढच्याच वचनांत म्हणते की मुले आहोत तर वारीसही आहोत. विदर्भातल्या माणसाला दत्तक म्हटलं की नागपूरकर भोसले आठवल्याशिवाय राहत नाहीत, 1853 च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारस न ठेवता गेले, डलहौसीनं दत्तकाला गादीचा वारस धरलं नाही अन् 1854 मध्ये राज्य खालसा झालं. त्यामुळं आपल्या कानाला दत्तक म्हणजे काहीतरी कच्चं, कोर्टात टिकेल न टिकेल असं वाटते. रोमन कायद्यात तसं नव्हतं. तिथं दत्तक घेतलेला माणूस पुरा वारस, नाव त्याचं, मालमत्ता त्याची. येशूच्या काळचा बादशहा तिबेरियस हा स्वतः ऑगस्टसचा दत्तक पुत्र होता, आणि त्याच्या चांदीच्या नाण्यावर ‘दैवी ऑगस्टसचा पुत्र’ असं कोरलेलं असायचं. म्हणजे ‘देवाचा पुत्र’ ही पदवी तेव्हा बाजारात रोज हातात फिरत होती, अन् ती दत्तकाची होती! अशा जगात योहान येशूबद्दल मोनोगेनेस म्हणते तेव्हा त्या शब्दाचं वजन किती असेल याचा विचार करा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, बाप मोठा अन् पुत्र लहान का, हा. हा प्रश्न तुम्हीच पहिल्यांदा विचारला असं नाही, यावरून चौथ्या शतकात अख्खं चर्च हाललं होतं. इजिप्तातल्या अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस हाच मुद्दा मांडत होता, की पुत्र आहे तर कधीतरी तो नव्हता, म्हणजे तो घडवलेला. 325 साली निकिया गावी, जे आज तुर्कस्तानात इझनिक आहे, तिथं बिशप लोक जमले अन् त्यांनी ठरवलं की पुत्र ‘जन्मलेला, घडवलेला नव्हे’, पित्याच्याच तत्त्वाचा. त्यामागचा विचार मला भाषेच्या अंगानं फार पटते: माणूस मूर्ती घडवते ती दगडाची राहते, पण माणसाचं लेकरू माणूसच असते, जातीनं तिळभरही कमी नाही. फक्त इथं जन्म काळातला धरायचा नाही, अनादी धरायचा, हे ते मुद्दाम सांगतात. मग येशूच ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ असं म्हणते त्याचं काय? योहान 14:28, एरियसवाल्यांचं आवडतं वचन. त्याला उत्तर म्हणून बाकीचे लोक फिलिप्पैकरांस पत्र दाखवतात, तिथं देवाच्या स्वरूपाचा असूनही त्यानं ‘स्वतःला रिक्त केले’ अन् दासाचं रूप घेतलं असं आहे, म्हणजे थोरपण पाठवणाऱ्याचं, तत्त्व एकच. सगळ्यांनाच हे पटलं असं नाही. आपल्या पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, त्यानंतरसुद्धा येशूचं देवत्व अन् त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र अन् पवित्र आत्मा मिळून एकच देव, यावर त्या पत्रांतून तिथल्या एका सिस्टरशी, म्हणजे जोगिणीशी, सरळ वाद घालत होत्या, अन् पुढं त्याच बाईंनी हिब्रू ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. म्हणून प्रश्न पडला म्हणजे काही पाप झालं असं समजू नका.

एक गोष्ट मात्र मराठी माणसालाच पटकन दिसते. आपल्याकडे ‘आपला’ अन् ‘आमचा’ वेगळं आहे, ग्रीकमध्ये तसा भेद नाही. योहानाच्या विसाव्या अध्यायात येशू मग्दालीया मरीयेला म्हणते, ‘माझा पिता व तुमचा पिता’. ‘आपला पिता’ असं एका शब्दात म्हणता आलं असतं, पण माझा वेगळा काढला, तुमचा वेगळा. बाप तोच, नातं त्याचं त्याच्या जागी, तुमचं तुमच्या जागी.

आता ‘पोरगा’. वऱ्हाडीत पोरगा, पोट्टा म्हटलं की आधी वय डोळ्यापुढं येते, बापाच्या हाताखालचा, अजून शिकून राहिलेला. तुमचा दुसरा प्रश्नच त्या शब्दात लपून बसलेला आहे, म्हणून पत्रिकेत नको. ‘पुत्र’ आपण घरात बोलत नाही हे खरं, पण त्यात वारस, कूळ, मान सगळं आहे. बोलीतलंच पाहिजे असेल तर ‘लेक’ लिहा, लेक साठ वर्षांचा झाला तरी लेकच राहते, ‘देवाचा एकुलता एक लेक’. अन् विभक्ती लागली की ‘एकुलता एक पुत्राला’ असं लिहू नका, ‘एकुलत्या एक पुत्राला’ लिहा, पत्रिकांवर ही चूक हमखास दिसते.