व्हीसीआर प्ले होऊन लगेच बंद पडतो: हेडच्या आधी रीळ बघा

तुम्ही लिहिलंय की कॅसेट आत जाते, प्ले सुरू होतो, चार-पाच सेकंदांत मशीन आपोआप थांबतं आणि कॅसेट काढताना टेप आत लोंबकळते. शिवाय तेवढ्या वेळात पडद्यावर नुसत्या मुंग्या, आवाज मात्र स्वच्छ. हे बहुधा दोन वेगळे दोष आहेत. लगेच हेड (टेपवरून चित्र वाचणारा भाग) बदलायच्या मागे लागू नका.

आधी थांबण्याचं बघू. टेप गुंडाळून घेणाऱ्या उजव्या रिळाखाली सेन्सर असतो. रीळ फिरत नाही असं दिसलं की मशीन स्वतःच थांबतं, नाहीतर सगळी टेप आत साचेल. म्हणजे ते थांबतंय हे बरोबरच आहे, रीळ का फिरत नाही हा खरा प्रश्न. झाकण काढा, टाकाऊ कॅसेट घाला, प्ले दाबा आणि फक्त त्या रिळाकडे बघा. मशीन चालू असताना पॉवर सप्लायच्या भागात हात अजिबात नको. प्लग काढल्यावरही तिथल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. डेकवर, म्हणजे टेप चालवणाऱ्या उघड्या यंत्रणेवर, ऊन किंवा दिव्याचा झोतही पडू देऊ नका. टेपचा शेवट ओळखणारे सेन्सर इन्फ्रारेडवर चालतात, तीव्र उजेडाने ते फसतात आणि मशीन भलतंच वागतं.

रीळ अडखळत असेल तर आयडलरचं (रिळाला फिरवणाऱ्या छोट्या चाकाचं) रबर गुळगुळीत झालंय किंवा बेल्ट सैल पडलाय. रबर अल्कोहोलने पुसून बघा. त्याने काही दिवस निघतात, पण रबर बदलणं हाच खरा उपाय. टेप ड्रमभोवती (व्हिडिओ हेड बसवलेल्या फिरत्या दंडगोलाभोवती) गुंडाळतानाच यंत्रणा मध्येच अडकत असेल तर मात्र संशय मोड स्विचवर घ्या, म्हणजे यंत्रणा कोणत्या स्थितीत आहे हे मशीनला कळवणाऱ्या स्विचवर. त्याचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. तो काढण्याआधी गिअरच्या खुणांचा फोटो काढून ठेवा. एक दातही चुकला की पुढचं सगळं चुकतं.

आता मुंग्या. साध्या मोनो आवाजाचं हेड ड्रमपासून वेगळं आणि स्थिर असतं, म्हणून आवाज ठीक असूनही व्हिडिओ हेडवर मळ बसलेला असू शकतो. प्लग काढा. शॅमॉय चामड्याची पट्टी 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून फिरवा. पट्टी वर-खाली कधीही घासू नका, हेडचं फेराइटचं (ठिसूळ चुंबकीय पदार्थाचं) टोक तुटतं. कानातल्या कापसाच्या काड्या तर नकोतच, त्यांचे धागे हेडला अडकतात. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या ज्ञात कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै 2016 मध्ये उत्पादन थांबवलं, त्यामुळे हेड तुटलं तर दुसरं मशीन मोडूनच ते मिळवावं लागतं. ड्रम पूर्ण वाळल्याशिवाय कॅसेट घालू नका, टेप चिकटते.

ड्रमच्या दोन्ही बाजूंच्या गाइड पोस्टचे स्क्रू कृपा करून फिरवू नका. ते हलले की ट्रॅकिंग (हेड आणि टेपवरच्या पट्ट्यांची जुळणी) जातं आणि ऑसिलोस्कोपशिवाय (सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राशिवाय) परत नीट जुळवणं फार कठीण.

साफ केल्यावर मुंग्या जाऊन पुन्हा आल्या तर कॅसेट तपासा. खिडकीतून रिळावर पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. ती टेप पुन्हा मशीनमध्ये घालू नका. हेड परत माखेल आणि बुरशी पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागेल.